पासिंगच्या आधीची गाडी

गाडीचा नंबर म्हटलं की तो त्या गाडीचा, आणि गाडी भंगारात जाईपर्यंत तिचाच, असं आपण धरूनच चालतो. मालक बदलतो, रंग बदलतो, कधीकधी इंजिनसुद्धा बदलतं, नंबर तोच. पण रस्त्यावर एक नंबर असाही फिरत असतो जो कुठल्याच गाडीचा नसतो, तो दुकानाचा असतो. सकाळी एका गाडीला लागतो, दुपारी सोडवून दुसरीला बांधतात, संध्याकाळी परत खुंटीला. लाल पाटी, पांढरी अक्षरं, एमएच १४ टीसी आणि पुढे आकडा. शोरूममध्ये सगळे त्याला टीसी नंबर म्हणतात, कागदावर ट्रेड सर्टिफिकेट. पासिंग, म्हणजे आरटीओतली नोंदणी, व्हायच्या आधी गाडी रस्त्यावर आणायची तर डीलरने लावायचा हा नंबर.

गेल्या दोनेक वर्षांत हाय सिक्युरिटी प्लेटच्या निमित्ताने अख्खा महाराष्ट्र नंबर प्लेटवर बोलत होता, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती बसवायची म्हणून मुदतीवर मुदती वाढल्या, घराघरात तोच विषय. एरवी नंबरवर गप्पा निघतात त्या व्हीआयपी नंबरच्या, कोणी किती लाख भरून कुठला आकडा घेतला त्याच्या. टीसीच्या पाटीबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहिलेल्या मला तरी सापडल्या नाहीत, आणि मला त्या पाटीबद्दल मनापासून माया आहे, त्यामुळे मीच लिहितेय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चिंचवडच्या एका डीलरकडे अकाउंट्सला होते. माझ्या टेबलाला लागून आरटीओचं काम बघणाऱ्या काकांचं टेबल. त्यांच्या डोक्यावर भिंतीला लाकडी पट्टी ठोकलेली, तिला खिळे आणि खिळ्यांना लाल पाट्या अडकवलेल्या. प्रत्येक पाटीच्या वरच्या दोन भोकांतून बाइंडिंग वायर ओवलेली, ती इतक्या वेळा पिळून सोडवलेली असायची की टोकं काळी पडून तुटायला आलेली. गाडी बाहेर काढायची की सेल्सचा मुलगा धावत यायचा, "काका, टीसी द्या." काका पाटी काढून देत नसत. आधी रजिस्टर उघडायचे, गाडीचं मॉडेल, चासी नंबर, कुठून कुठे, कशासाठी, चालवणार कोण, निघायची वेळ, हे सगळं लिहायचे, मग त्याची कॉपी ड्रायव्हरच्या हातात आणि मगच पाटी. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत असलं तरी हेच. सेल्सवाले वैतागायचे. मला तेव्हा वाटायचं काकांचा स्वभावच तसा काटेकोर असेल, पण ते सगळं नियमात जसंच्या तसं लिहिलेलं आहे हे नंतर वाचल्यावर कळलं.

मुळात कायदा काय म्हणतो बघा. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्याचं कलम ३९ सांगतं की नोंदणी झाल्याशिवाय कोणी रस्त्यावर गाडी चालवायची नाही आणि दुसऱ्याला चालवू द्यायची नाही. पण मग कारखान्यातून निघालेली गाडी शोरूमला पोचणार कशी, गिऱ्हाईक ट्रायल घेणार कशी, आणि पासिंगसाठी आरटीओपर्यंत तरी जाणार कशी? म्हणून त्याच कलमात सोय ठेवली, की डीलरच्या ताब्यात असलेल्या गाडीला नोंदणीची गरज नाही, पण अटींवर. त्या अटी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ३३ नंबरच्या नियमापासून पुढे सापडतात. फॉर्म १६ वर अर्ज करायचा, फॉर्म १७ मध्ये सर्टिफिकेट मिळतं, ते बारा महिने चालायचं. नंबर एका वेळी एकाच गाडीवर. दुसऱ्या प्रकारच्या गाडीवर नाही, म्हणजे मोटारसायकलसाठी घेतलेला नंबर कारला चालणार नाही. सर्टिफिकेट पाणी न शिरणाऱ्या गोल फोल्डरमध्ये घालून गाडीवर न्यायचं. आणि फॉर्म १९ चं बांधीव रजिस्टर, पानांवर ओळीने आकडे घातलेलं, त्यात प्रत्येक फेरीची नोंद गाडी हलायच्या आधी करायची, फक्त परत यायच्या वेळेचा रकाना मोकळा ठेवायचा, तो आल्यावर भरायचा. काका हेच करत होते.

मला यातला सगळ्यात आवडता नियम ४१ वा. टीसी लावून गाडी कशाकशासाठी बाहेर काढता येते त्याची यादी आहे त्यात, आणि ती यादी वाचताना पासिंगच्या आधीचं गाडीचं अख्खं आयुष्य डोळ्यासमोरून जातं. बनवणाऱ्याने केलेली टेस्ट. वजनकाट्यावर जाणं-येणं. गिऱ्हाइकाला ट्रायल देणं. एका डीलरकडून दुसऱ्याकडे नेणं. बॉडी बांधायला, रंगाला किंवा दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये नेणं. रेल्वे स्टेशनवर, विमानतळावर, बंदराच्या धक्क्यावर पोचवणं. प्रदर्शनाला नेणं. आणि हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्याने ओढून आणलेली गाडी नेणं, हेसुद्धा त्याच यादीत. कारण कायद्याच्या व्याख्येत डीलर म्हणजे नुसता शोरूमवाला नाही, बॉडी बांधणारा, दुरुस्ती करणारा आणि कर्जावर गाड्या देणाराही त्यात येतो.

आणि ४२ वा नियम तर एका ओळीचा आहे पण सगळ्यात वजनदार तोच. गिऱ्हाइकाच्या हातात गाडी देताना ती नोंदणी झालेलीच पाहिजे, टेंपररी असो की कायमची. म्हणजे टीसीचा नंबर घेऊन गाडी कधीच गिऱ्हाइकाच्या घरी मुक्कामाला जाऊ शकत नाही.

आता हे सगळं १९८९ ला आकाशातून पडलं असं नाही. १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्यातही डीलरच्या ताब्यातल्या गाडीला अशीच सूट होती. आणि आपल्या राज्यात तिची गरज फार आधीपासूनची, कारण गाड्या इथे उतरायच्याही आणि जोडल्याही जायच्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, फोर्डचं जोडणीचं कामही मुंबईत चालायचं, मग वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. शिवडी किंवा कुर्ल्याच्या गेटमधून बाहेर आलेल्या, अजून कोणाच्याच न झालेल्या गाड्यांना मुंबईच्या रस्त्यांवरून जायला काहीतरी ओळख लागणारच.

मुंबई राज्याच्या काळात नंबर बीएमने सुरू व्हायचे, बीएमएक्स, बीएमवाय असे, जुन्या हिंदी पिक्चरमधल्या गाड्यांवर अजून दिसतात. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, मग आपल्याकडे एमने सुरू होणारी तीन अक्षरं आणि चार आकडे आले. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे घरची गाडी, पांढऱ्यावर काळी म्हणजे टॅक्सी-ट्रक. माझ्या वयाच्या सगळ्यांच्या डोक्यात रंगांचा तोच हिशोब बसलेला असल्याने नंतर घरच्या गाड्या पांढऱ्या पाटीच्या झाल्या तेव्हा कितीतरी दिवस समोरून येणारी प्रत्येक गाडी टुरिस्टची वाटायची.

या काळातला एक कागद मला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर कायदा. त्यात डीलर आणि उत्पादकांसाठी वेगळा हिशोब आहे. धंद्यासाठी ठेवलेल्या सगळ्या गाड्यांवर टॅक्स नाही, ट्रेड सर्टिफिकेटवर जेवढ्या रस्त्यावर आणायची परवानगी आहे तेवढ्यांवरच, वर्षाला. म्हणजे यार्डात शंभर गाड्या धूळ खात उभ्या असल्या तरी सरकार त्यांच्याकडे बघणार नाही, पण बाहेर काढायच्या तर जितक्या पाट्या तितका टॅक्स. मला हा विचार फार समंजस वाटतो. दुकानदाराच्या गळ्यात न विकलेल्या मालाचा टॅक्स घालायचा नाही, पण रस्ता वापरतोस तर त्याचे पैसे दे. याच हिशोबामुळे पाटीला किंमत आली आणि ती भिंतीवरच्या खिळ्याला, काकांच्या नजरेखाली राहिली.

मग १९८९ ला एमएच आलं, मुंबईला ०१, ०२, ०३ पासून सुरुवात, पुणे १२, पिंपरी-चिंचवड १४, नाशिक १५, औरंगाबाद २०. यातल्या १४ चं टीसीशी नातं काही औरच आहे. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना पिंपरीत, बजाज आकुर्डीला, नंतर चाकण वाढलं तिथे फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा. गाड्या बनतात तिथे पासिंगच्या आधीच्या गाड्याही सगळ्यात जास्त फिरणार. देशभरातल्या ऑटो मासिकांमध्ये नव्या गाड्यांचे चोरून काढलेले फोटो येतात ना, काळ्यापांढऱ्या नक्षीच्या स्टिकरने झाकलेली गाडी, दिवे झाकलेले, लोगो नाही, त्यातल्या कितीतरी फोटोत मागे लाल पाटीवर एमएच १४ टीसी वाचता येतं. नाशिक हायवेला किंवा महाबळेश्वरच्या घाटात अशी गाडी पुढे दिसली की मुलं खिडकीतून मोबाइल काढतात. गाडीचं नाव, आकार, किंमत सगळं गुपित, आणि उघडं काय तर फक्त तो लाल नंबर, कारण तो झाकायची परवानगी कंपनीलासुद्धा नाही. मला ही गोष्ट फार भावते.

पण पासिंगच्या आधीच्या गाड्यांमध्ये माझ्या मनात सगळ्यात खोल बसलेल्या गाड्या दुसऱ्याच आहेत. चासी. हायवेवर पाहिल्या असतील तुम्ही. ट्रकचा नुसता सांगाडा, पुढे इंजिन आणि त्याच्यावर नाकाड, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि चाकं. केबिन नाही, दार नाही, छप्पर नाही, काच नाही. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसलेला, डोक्याला आणि तोंडाला मफलर किंवा गमछा घट्ट गुंडाळलेला, डोळ्याला गॉगल, पावसाळ्यात वरून रेनकोट. एकामागे एक रांगेने चाललेल्या. बॉडी बांधायला निघालेल्या, काही तर थेट तमिळनाडूत नामक्कलला, तिथलं बॉडी बांधायचं काम सगळ्या ट्रकवाल्यांना माहीत. लांब जाणाऱ्या अशा चासीला टीसी चालायचा नाही, एक नंबर एका वेळी एकच गाडी म्हटल्यावर पाटी आठवडाभर अडकून कशी चालेल, मग तिला टेंपररी नंबर घ्यायचे. कायद्यात टेंपररीची मुदत एक महिना आणि ती वाढत नाही असं होतं, अपवाद फक्त असल्या चासीला, बॉडी बांधायला वर्कशॉपमध्ये महिन्याच्या वर अडकली तर फी भरून मुदत वाढवून मिळायची.

आमच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये यातले एक काका राहायचे, कन्व्हॉय ड्रायव्हर. त्यांची बायको त्यांचा गमछा वेगळा भिजत घालायची कारण त्यातून निघणारं पाणी काळं असायचं, रस्त्यावरच्या डांबराचं आणि पुढच्या गाडीच्या धुराचं. चासी पोचवली की परत यायचं ते एसटीने नाहीतर मिळेल त्या ट्रकने, खांद्याला पिशवी, पिशवीत पान्हे, टॉर्च आणि गाडीचे कागद दिलेल्याची सहीची पावती. ती पावती हरवली तर पैसे नाहीत. खंबाटकीच्या घाटात डिसेंबरच्या पहाटे बोटं स्टिअरिंगला चिकटतात असं ते सांगायचे. नव्या कोऱ्या गाडीचे पहिले शेकडो किलोमीटर या माणसांनी उघड्यावर बसून काढलेत आणि नंतर त्याच गाडीवर बॉडी चढून, नक्षी रंगवून, लिंबू-मिरची लटकवून ती दुसऱ्या कोणाची तरी झाली. गाडीच्या आरसी बुकात पहिला मालक लिहितात, पहिला ड्रायव्हर लिहायची पद्धत नाही. असायला हवी होती असं मला वाटतं, खरंच.

शोरूमकडे परत येते. वर्षातले काही दिवस टीसीच्या नियमांची खरी परीक्षा असायची. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. त्या दिवशी गाडी दारात यायलाच पाहिजे. हार, नारळ, स्वस्तिक, पेढे, चाकाखाली लिंबू. पण पासिंगला आदल्या आठवड्यातच आरटीओत रांग. त्या काळी गाडी प्रत्यक्ष इन्स्पेक्टरसमोर न्यायची, तो चासी नंबर बघायचा. फॉर्म २० वर पेन्सिल प्रिंट लावावी लागायची, म्हणजे चासीवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासायची, की अक्षरं पांढरी उमटतात. हे काम करणाऱ्या मुलाच्या उजव्या हाताची बोटं कायम चंदेरी-काळी. एक आकडा पुसट आला की फॉर्म परत.

एवढं सगळं वेळेत बसलं नाही की गाडी तशीच गिऱ्हाइकाला देऊन टाकणारे डीलर होते, पुढे मागे पाटीवर ए/एफ रंगवायचं, म्हणजे अर्ज केलाय, नंबर पडायचाय. पुण्यात तर ए/एफ लिहिलेल्या गाड्या महिनोन्‌महिने फिरायच्या आणि कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. आमचे काका मात्र पाडव्यालाही ऐकायचे नाहीत. मुहूर्त टळतोय म्हणून एका गिऱ्हाइकाचे वडील तावातावाने भांडले होते, काकांनी त्यांना गाडीची पूजा शोरूमच्या आवारातच करायला लावली, स्वतः नारळ आणला, आणि गाडी मात्र नंबर पडल्यावरच सोडली. "उद्या काही झालं तर दादा, ही गाडी कोणाची म्हणून सांगायचं?" एवढंच म्हणाले.

हा प्रश्न मला १९ मे २०२४ ला आठवला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. पुण्यात कल्याणीनगरला पहाटे अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअर्सचा जीव घेतला, तेव्हा त्या गाडीचं कायमचं पासिंग झालेलंच नव्हतं. बंगळुरूच्या डीलरने आयात केलेली, कर्नाटकातला सहा महिन्यांचा टेंपररी नंबर, मार्चपासून १,७५८ रुपये फी भरलेली नाही म्हणून नोंदणी अडलेली. गाडी इलेक्ट्रिक असल्याने रोड टॅक्सही माफ होता, राहिली होती ती फक्त एवढीशी फी. टेंपररी नंबरवरची गाडी आरटीओत न्यायची-आणायची असते, रात्री फिरवायची नसते. नंबर कायमचा असता तर अपघात टळला असता असं मी म्हणत नाही, त्या मुलांच्या घरच्यांपुढे असलं काही बोलायची हिंमतही होणार नाही. पण गाडी दोन महिने शहरात होती आणि तिला कोणी थांबवलं नाही, याचा राग येतो. टेंपररी, टीसी, ए/एफ, या सगळ्या पाट्यांकडे "नवी गाडी आहे, जाऊ दे" म्हणून बघायची आपल्या सगळ्यांना सवय लागलीये, पोलिसांपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत.

नियम बदलत गेलेत, हे सांगायलाच हवं. जुलै २०२० मध्ये केंद्राने पाट्यांचे रंग स्पष्ट करून टाकले, टेंपररीला पिवळ्यावर लाल अक्षरं, डीलरकडच्या गाड्यांना लाल पाटीवर पांढरी. आमच्या खिळ्यावरचाच रंग देशभर पक्का झाला म्हणून मला उगाच आनंद झाला होता. १ नोव्हेंबर २०२२ पासून ट्रेड सर्टिफिकेटचे नियमही नवे आहेत. अर्ज पोर्टलवर करायचा, वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्यांसाठी एकाच अर्जात, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर झालं असं धरायचं, आणि मुदत बारा महिन्यांऐवजी पाच वर्षं. फी मोटारसायकलला ५०० आणि बाकीच्यांना १,००० अशी २०१६ च्या शेवटी ठरलेली. कारखान्यातून तयार निघालेली गाडी आता इन्स्पेक्टरपुढे न्यावी लागत नाही, बरीच कामं डीलरच्याच टेबलावर होतात. चासीसुद्धा कमी झाल्या, ट्रक आता केबिनसकट निघतात, आणि कार तर कंटेनरमधून येतात. हे सगळं चांगलंच आहे, विशेषतः केबिन.

मात्र दर वर्षी काउंटरवर जाऊन नूतनीकरण करताना आरटीओचा माणूस रजिस्टर उलगडून बघायचा, ते पाच वर्षांवर गेलं याची मला थोडी धास्ती वाटते. परत यायच्या वेळेचा रकाना रोज कोण तपासणार? ट्रायलची गाडी मालकाच्या भाच्याने शनिवार-रविवार लोणावळ्याला नेली तर कळणार कोणाला? माझं म्हणणं असं की एकेका फेरीची नोंद पोर्टलवरच व्हावी आणि चौकातल्या हवालदाराला मोबाइलवर दिसावी, ही पाटी आत्ता या क्षणी कुठल्या चासीवर आहे आणि कशासाठी बाहेर आहे. अवघड काय आहे त्यात? फास्टॅगला जमतं ते याला जमेलच. आणि ट्रायलला जाल तेव्हा तुम्हीही बघा, पाटी लाल आहे ना, सर्टिफिकेट गाडीत आहे ना. विचारलं तर सेल्सच्या मुलाला राग येत नाही, चांगल्या शोरूममध्ये तर तो लगेच काढून दाखवतो.

आणि एक विनंती. जुन्या टीसीच्या पाट्या कोणी जपून ठेवत नाही, रंग उडाला की भंगारात जातात, नंबर गाडीचा नसल्याने कोणाच्या आठवणीही त्याला चिकटत नाहीत. तुमच्या घरात कोणी कुर्ल्याच्या, पिंपरीच्या किंवा आकुर्डीच्या कारखान्यात, डीलरकडे, बॉडीच्या वर्कशॉपमध्ये किंवा चासी पोचवायच्या कामात असेल तर जुन्या अल्बममध्ये बघा. एखाद्या फोटोत मागे नवी गाडी उभी असेल आणि तिच्यावर टीसीचा नाहीतर टेंपररी नंबर वाचता येत असेल तर मला पाठवा, साल आणि जागा लिहून. १९८९ च्या आधीचा असेल तर फारच उत्तम.